बुटक्या छताचा ट्रक

बहिणीचं ऑपरेशन उरकून, तिला हिंडती-फिरती करून ओलेटा स्टॅग्ज टुकुमकारीहून बसने घरी परतली, तेव्हा अंगणात सात-आठ माणसं बिअर पीत उभी होती आणि तिच्या वडिलांच्या ट्रकचं छत गवतावर उलटं पडलेलं होतं. कोणीतरी त्यात बर्फ भरला होता आणि बर्फात बाटल्या खोचल्या होत्या.

ती फाटकातच थांबली. हातातली बॅग खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

ट्रक शेडच्या तोंडाशी उभा होता. एक्कावन्न सालची शेव्हरोले, गुबगुबीत गालांची, फिकट हिरवी. वडील वारले त्याच्या आदल्या वर्षी दोन्ही भाऊ समोर असताना त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली होती आणि भाऊ वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. आता काचांच्या वर काहीच नव्हतं. खांबांची कापलेली टोकं नव्या धातूसारखी चकाकत होती.

"आली बघा!" डॉयल ओरडला. तिचा नवरा. साडेसहा फूट उंच, तेलविहिरींवरच्या पंपांचा मेकॅनिक, आणि बेकर्सफील्डमधल्या 'डस्टर्स' नावाच्या मोटारक्लबाचा खजिनदार. "ओली, बघ तर खरं! छत चार इंच बुटकं करतोय, खांब कापून. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात लोक रांगा लावतील, रांगा!"

"कोणाला विचारून?"

"विचारून कोणी सरप्राइज देतं का?"

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"माझ्या बापाचा ट्रक आहे तो, डॉयल."

"होता. आता हॉट रॉड होणार, शर्यतीची नटवलेली गाडी. अगं, तुझा बाप त्याच्यात बसून नुसता खोकायचा. मी त्याला इज्जत मिळवून देतोय, आणि तू दारात उभी राहून तोंड वाकडं करतेस."

ओलेटाने बॅग खाली ठेवली. ती छताजवळ गेली, कड दोन्ही हातांनी धरली आणि ते उलथलं. बर्फ, पाणी, बाटल्या, सगळं पाहुण्यांच्या बुटांवर गेलं.

"आपापल्या घरी जा," ती म्हणाली. "माझ्या गवतावरून उतरा आधी, आणि मग घरी जा."

"बायकोला आवर रे," एकजण निघता निघता डॉयलला म्हणाला. डॉयलने तिला आवरायचा प्रयत्न केला नाही. तिचा चेहरा बघून तो शेडमध्ये गेला आणि उगाच पाने-पकडी लावत बसला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्याबरोबर तिने ओढगाडी बोलावली. ट्रक, छत, दारं, खोक्यातले नटबोल्ट, सगळं तिने त्या माणसाकडून चढवून घेतलं. फक्त ताडपत्रीखालचं आठ सिलिंडरचं इंजिन तिने जागेवर ठेवलं. ट्रकचं मूळ इंजिन कधीच निकामी झालं होतं आणि हे डॉयलने स्वतः आणलेलं होतं; त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

"कुठे न्यायचं?" ओढगाडीवाल्याने विचारलं.

"मोंतीहोच्या गॅरेजात."

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. स्टॅग्ज आणि मोंतीहो यांचं वैर त्यालाही माहीत होतं.

एलादिओ मोंतीहोचं गॅरेज रुळांच्या पूर्वेला होतं. साठीचा, ठेंगणा, जाड भिंगांचा माणूस. हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. ओलेटा आत आली तेव्हा तो एका मडगार्डवर कानस चालवत होता. तिने नाव सांगितलं. कानस थांबली.

"स्टॅग्ज. म्हणजे डॉयल स्टॅग्जची बायको."

"हो."

"मग ते दार तुमच्या पाठीमागेच आहे, बाई."

"ट्रक माझा आहे. त्याचा नाही."

"माझी गाडीपण माझी होती. शर्यत मी जिंकलो, आणि तुमचा नवरा माझ्या बॉनेटवर थुंकला. चारचौघांत चोर म्हणाला मला. पेट्रोलमध्ये काहीतरी घातलंय म्हणाला. एक अख्खा मोसम मला कोणी शर्यतीत उतरू दिलं नाही." त्याने कानस खाली ठेवली. "तुम्ही तिथेच होता. पिवळा फ्रॉक होता. काही बोलला नाहीत."

"नाही बोलले."

"का?"

"नवरा होता म्हणून. आणि तुमची-माझी ओळख नव्हती."

या उत्तरावर एलादिओने चष्मा नाकावर सरकवून तिच्याकडे नीट बघितलं. तिने माफी मागितली असती तर बहुधा त्याने तिला हाकललं असतं.

"मग आता काय पाहिजे?"

"हा पुरा करायचाय. त्याने क्लबाला सांगून ठेवलंय, प्रदर्शनात गाडी आणतो म्हणून. गाडी जाईल. पण या गॅरेजातून जाईल, आणि मी चालवीन."

एलादिओ बाहेर आला. ट्रकभोवती हळूहळू फिरला. कापलेल्या खांबांवरून त्याने अंगठा फिरवला, वाकून मागच्या खिडकीची चौकट बघितली, पुन्हा अंगठा फिरवला. मग जमिनीवर थुंकला.

"पत्रा कोण ठोकणार?"

"मी. मामाच्या कारखान्यात कूलरची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवते. लग्नाच्या आधीपासून."

"डक्ट म्हणजे चौकोनी खोकी. गाडी चौकोनी नसते."

"शिकेन."

"शिकवायला मी रिकामा नाही. चुकलात तर ओरडेन. रडलात तर बाहेर काढीन."

"मी रडत नाही."

"कोपऱ्यात लाव," एलादिओ ओढगाडीवाल्याला म्हणाला. "माझ्या मडगार्डला धक्का लागला तर तुझी गाडी जाळीन."

डॉयल तिसऱ्या दिवशी आला. इतका वेळ लागला कारण ओलेटा असं काही करील हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ट्रक चोरीला गेला म्हणून तो गावभर शिव्या देत फिरला, आणि शेवटी ओढगाडीवाल्यानेच त्याला सांगितलं. तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ओलेटा ट्रकखाली पाठीवर पडून चासीचा गंज खरवडत होती. तिला फक्त त्याचे बूट दिसले.

"बाहेर ये."

"काम चाललंय."

"सगळ्या जगातून तुला हा चोरच सापडला?"

एलादिओ मोठा हातोडा घेऊन पुढे आला. उगारला नाही, नुसता धरला. "पुन्हा म्हण. या वेळी माझ्या छपराखाली उभा राहून म्हण."

"तू मध्ये पडू नकोस, म्हाताऱ्या. नवरा-बायकोचं बोलणं आहे."

"मग घरी बोल. इथे गाड्यांचं बोलणं होतं."

ओलेटा सरपटत बाहेर आली. तोंडावर, केसांत गंजाची लाल भुकटी. "डॉयल, तू कापलास. आता तुझं काम संपलं. जा."

"इंजिन माझ्याकडे आहे," डॉयल म्हणाला. आता त्याला हसू फुटलं. "त्याच्यावाचून काय, बैल जुंपणार आहात?"

"ठेव तुझं तुझ्यापाशी. उबव."

त्याने शेडला नवं भलंमोठं कुलूप घातलं. ओलेटाने स्वयंपाक सोडला. ती स्वतःपुरती दोन अंडी तळून घ्यायची आणि तवा धुऊन ठेवायची. डॉयल डब्यातली घेवड्याची उसळ गार गार खायचा आणि रिकामे डबे मुद्दाम तिच्या शिवणयंत्रावर रचून ठेवायचा. त्या उन्हाळ्यात पेट्रोलला पहाटेपासून रांगा लागत होत्या. ती त्याची गाडी घेऊन कारखान्यात जायची आणि टाकी कोरडी करून आणायची. मग तो रांगेत उभा राहायचा. एकाच घरात दोघं राहत होती, आणि बोलणं फक्त टोमण्यांपुरतं उरलं होतं.

"काय म्हणतो तुझा तो? वेल्डिंग शिकवतो की आणखी काही?"

"निदान विचारून हात लावतो वस्तूला."

इंजिनाचा प्रश्न एलादिओनेच सोडवला. त्याच्या अंगणात एका जुन्या लष्करी लॉरीचं सहा सिलिंडरचं इंजिन पडलं होतं. "आठ सिलिंडर तर कुठलाही गाढव टाकतो," तो म्हणाला. "आम्ही पोरं होतो तेव्हा असल्या इंजिनांवर शर्यती मारायचो." इंजिनाबद्दल बोलताना त्याचा आवाज मऊ झाला होता, ते लक्षात येताच तो तिच्यावर खेकसला, "बघताय काय? घासायला घ्या."

गॅरेजात तिचे दिवस सुखाचे जात होते असं कोणी समजू नये. एलादिओला तिची चीड होती आणि तो ती लपवत नव्हता. दार जोडताना तिने डक्टच्या सवयीने एका दमात लांबलचक वेल्डिंग ओढलं, पत्र्याला ताव लागला आणि दार मधोमध फुगलं.

"छान!" एलादिओने गॅरेजात काम करणाऱ्या पोरांना हाका मारल्या. "या, या, बघा. बाईंनी पुरी तळलीये."

"दाखवलं असतंत तर..."

"सांगितलं होतं. एक टिपका घालायचा. थांबायचं. लांब जाऊन दुसरा घालायचा. पत्र्याला दम खाऊ द्यायचा. तुम्ही ऐकत नाही. तुम्ही इथे गाडी बांधायला येतच नाही. नवऱ्याला बदडायला येता. पण हातोडा पडतो पत्र्यावर, त्याच्यावर नाही. माझा पत्रा वाया जातो."

"तुम्ही मला घेतलंत ते तरी कशासाठी? त्यालाच बदडायला ना?"

"हो," एलादिओ म्हणाला. "पण मी मोजून-मापून बदडतो. काढा ते दार. पुन्हा करा."

तिने दार काढलं. पुन्हा केलं. ते बिघडलं, तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी एलादिओने उजेडासमोर धरून बघितलं आणि ते ट्रकला लावलं.

खरं भांडण झालं ते छतावरून. ओलेटाच्या मनात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की होती. इंजिन बदला, स्प्रिंगांचे पाटे काढून गाडी जमिनीला टेकवा, तिची हरकत नव्हती. छत मात्र पुन्हा होतं तेवढं उंच करायचं. डॉयलने कापलेले चार इंच तिला परत हवे होते. कारखान्यातून तिने त्यासाठी चांगला जाड पत्राही कापून आणला.

"नाही," एलादिओ म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मी नाही करणार. तुम्हालाही माझ्या गॅरेजात करू देणार नाही."

"ट्रक माझा आहे!"

"आणि वेल्डिंगचा गॅस माझा आहे."

"कारण तरी सांगाल?"

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"कारण कापलंय नीट," तो शेवटी दातओठ खात म्हणाला. "झालं समाधान? लोक खांब कुठेही कापतात. मग खालचा वरच्याशी जुळत नाही, मागच्या खिडकीची फट होते, सगळं पुट्टीने लिंपतात. त्याने खांब सरळ आहेत तिथेच धरलेत. मागची खिडकी तशीच राखून खाली सरकवता येईल असं कापलंय. मला हे एवढं साधलं असतं की नाही, सांगता येत नाही. ज्या दिवशी आणलीत त्याच दिवशी दिसलं मला. आणि हे मी बोललो असं त्याला कळलं, तर मी तुम्हाला खोटारडी म्हणेन."

ओलेटाने हातातला पत्रा जमिनीवर आपटला. आवाजाने सगळं गॅरेज थांबलं.

"तुम्ही पण त्याच्याच जातीचे," ती म्हणाली. "नीट कापलंय! चांगलं कापलं म्हणजे दुसऱ्याचं कापायची परवानगी मिळते का?"

"नाही मिळत. पण चांगलं ते चांगलंच."

ती निघून गेली. त्या आठवड्यात फिरकलीच नाही. घरी डॉयलने ओळखलं की काहीतरी बिनसलंय, आणि तो शीळ घालत फिरू लागला. त्या शिळेनेच तिला परत पाठवलं. रविवारी एलादिओ चर्चला गेलेला असताना तिने गॅरेजच्या पोराकडून दार उघडून घेतलं. आणलेल्या पत्र्याचे तुकडे तिने खांबांवर चिमट्यांनी बसवले, छत त्यावर टेकवलं आणि रस्त्यापर्यंत मागे जाऊन बघितलं.

वडिलांचा ट्रक काही परत आला नव्हता. खाली टेकलेलं धूड आणि वर ती उंच टोपी. थट्टेच्या चित्रासारखं दिसत होतं. तिने तुकडे काढले. छत खाली बसवलं. पुन्हा रस्त्यापर्यंत गेली. या वेळी ट्रक तिला बघताक्षणी आवडला, आणि त्याचा तिला इतका संताप आला की ती तिथेच फुटपाथवर बसली आणि डॉयलला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. सुंदर दिसत होता. त्याने तो आपल्याला न विचारता कापला होता, आणि सुंदर दिसत होता.

सोमवारी ती कामाला आली. छत बुटकंच राहू दे, एवढंच म्हणाली. एलादिओनेही "बरं" म्हणून विषय संपवला. त्याने तिच्या हातात वेल्डिंगचा टॉर्च दिला आणि पहिले टिपके तिच्याकडूनच घालून घेतले.

बाकीचं मात्र तिने सगळं स्वतःच्या मनासारखं केलं. रंग वांग्याच्या सालीसारखा, काळसर जांभळा. एलादिओला लाल हवा होता, त्यावरून दोन दिवस शिवीगाळ झाली. मागच्या हौद्याला ओकच्या फळ्या, त्यांच्यावर आरशासारखं रोगण. सीट तिने स्वतःच्या मापाची ठोकली, खाली आणि पुढे. पेडल तिच्या पायांना, स्टिअरिंग तिच्या हातांना.

प्रदर्शनाच्या दिवशी जत्रेच्या मैदानात ती शिरली तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक उठून उभे राहिले. सहा सिलिंडरचं इंजिन खोल, घोगरं वाजत होतं. तिने ट्रक लावला, उतरली, आणि डॉयल तिथे आधीच उभा असलेला तिला दिसला. डस्टर्सचं जाकीट, इस्त्रीची पँट, डोक्यावर हॅट. भोवती क्लबाची माणसं.

लोक आले, आणि प्रत्येकाने आधी छताकडेच बघितलं.

"काय उतरवलंय! कोणी केलं हे?"

"मी," डॉयल मोठ्याने म्हणाला. "माझ्याच अंगणात. एका दिवसात."

सगळे ओलेटाकडे बघू लागले. एलादिओ मागे खुर्ची टाकून बसला होता, तोही बघू लागला.

"त्यानेच कापलं," ती म्हणाली. "मी बहिणीच्या उशाशी बसले होते तेव्हा. मला न विचारता. माझ्या वडिलांचा ट्रक. एवढंच त्याने केलं. बाकीचं मी केलं आणि या मोंतीहोंनी केलं."

कोणी हसलं नाही. डॉयलच्या मानेवर लाली चढली. "चावी दे," तो म्हणाला. "एक फेरी मारतो. तेवढा हक्क आहे माझा."

"बसून दाखव."

तो दार उघडून आत शिरू लागला. गुडघे स्टिअरिंगला अडले. पाय काढून त्याने डोकं आधी घातलं, तर छताने हॅट खाली पाडली. एक पाय आत, एक बाहेर, मान तिरपी. आता मात्र लोक हसले, आणि सगळ्यात मोठ्याने एलादिओ हसला. डॉयल बाहेर पडला तो हॅट न उचलताच.

दुपारी बक्षिसं लागली. पिकअप गाड्यांच्या गटातलं पहिलं बक्षीस कर्ण्यावरून पुकारलं गेलं: "डॉयल स्टॅग्ज, डस्टर्स क्लब!" क्लबाने गाडीची नोंद त्याच्याच नावाने केली होती. तो नको म्हणेल असं ओलेटाला क्षणभर वाटलं. डॉयल ताडताड चालत मंचावर गेला, ढाल घेतली आणि ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

ती ट्रकमध्ये बसली, इंजिन चालू केलं आणि गाडी जागेवरच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. कर्ण्यावरचा माणूस पुढे काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही. मग ती गर्दीतून वाट काढत मैदानाबाहेर निघून गेली.

सोमवारी ती त्याच ट्रकने कारखान्यात आली. टॅफ्टच्या एका शाळेला डक्ट पोचवायचे होते. मामांची गाडी बंद पडलेली. तिने हौद्याचं मागचं फळकुट खाली पाडलं आणि डक्ट हौद्यात चढवायला सुरुवात केली.

एलादिओ तिची गॅरेजात विसरलेली हत्यारं द्यायला आला होता. तो फाटकातूनच किंचाळला. "अहो! अहो, काय करताय?"

आणि नेमका तेव्हाच डॉयल आला. प्रदर्शनापासून तो घरी आला नव्हता. डोळे तारवटलेले, बगलेत ती ढाल. भांडायला आला होता, पण हौद्याकडे बघून त्याचं भांडण बाजूलाच राहिलं. "ओली! फळ्या बघ! अगं, चरे पडतायत!"

"गोधडी तरी घाला खाली!" एलादिओ ओरडला.

"पुठ्ठा! निदान पुठ्ठा तरी!" डॉयल ओरडला.

दोघं आता शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांनीही हात पुढे केले होते. ओलेटाने पुढचा डक्ट उचलला. त्याची कड ओकच्या रोगणावरून कर्रकन सरकत थेट केबिनपर्यंत गेली. दोघांनी एकदमच डोळे मिटले.

"ट्रक आहे," ती म्हणाली. "सामान घालायला असतो."

"मी तीन वेळा घासलंय ते रोगण!" एलादिओ म्हणाला.

"पुन्हा घासू नका. माझा आहे."

तिने दोरी आवळली. डॉयल जवळ आला, ढाल खाली ठेवून म्हणाला, "मी आज आईकडे चाललोय. लॅमाँटला. राहायला."

"कपडे घेऊन जा. शेडचं कुलूप काढून ठेव जाताना."

तिने 'थांब' म्हणावं, असं त्याला हवं होतं. ती आत बसली, गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर पडली. आरशात ते दोघं अजून उभे होते. आधी नुसतेच उभे, मग एलादिओने बोट दाखवून काहीतरी म्हटलं, डॉयलने त्याला ढकललं, आणि मामांना ओरडत बाहेर यावं लागलं. पुढे काय झालं ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. टॅफ्टला शाळेचा शिपाई वाट बघत होता, आणि ती उशिरा पोचली म्हणून तोही तिच्यावर डाफरला.